नानांचं युद्ध १७ डिसेंबरला संपलं

माझे सासरे १९७१च्या युद्धात तोफखान्यात होते. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या, लिहून काढायच्या, कागदपत्रांशी ताडून बघायच्या आणि घरापुरतं एक पुस्तक छापायचं, हे काम आम्ही २०२४मध्ये पूर्ण केलं. नाशिकरोड, देवळाली, भगूर या पट्ट्यात निवृत्त सैनिक बरेच आहेत. पुस्तक बघून ओळखीच्या काही घरांतून विचारणा झाली, की आमच्याही आजोबांचं करायचंय, पण सुरुवात कुठून करायची? म्हणून आमच्याकडे जे जसं घडलं ते तसंच लिहिते आहे.

नाना सिन्नर तालुक्यातले. १९६८मध्ये भरती झाले. ट्रेनिंग इथेच, नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरला. पुढे एका फील्ड रेजिमेंटमध्ये पंचवीस पाउंडर (पंचवीस पौंडांचा गोळा टाकणाऱ्या) तोफेवर गेले आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यानंतर जेल रोडला घर बांधलं. तोफखान्यातल्या बहुतेकांसारखे त्यांचे कान गेलेले आहेत. दारावरची बेल ऐकू येत नाही, पण देवळालीच्या रेंजवर फायरिंग सुरू झालं की खिडकीच्या काचेवर तळवा टेकवून उभे राहतात आणि सांगतात, "ही बोफोर्स. ही दुसरी काहीतरी." युद्धाबद्दल मात्र घरात कधी बोलले नव्हते. २६ जानेवारीला शाळेत बोलावलं की दोन वाक्यं बोलायचे आणि खाली बसायचे.

२०२३च्या दिवाळीनंतर भगूरचे त्यांचे एक जुने सोबती गेले. अंत्ययात्रेहून परत आल्यावर नाना म्हणाले, "आता त्या तोफेवरचा मी एकटाच राहिलो." त्या रात्री मी आणि माझ्या नवऱ्यानं ठरवलं, की विचारायचं.

लगेच 'हो' आलं नाही. आठवडाभर त्यांनी विषयच काढला नाही. मग एका सकाळी पेपर घडी करून ठेवत म्हणाले, की सांगतो, पण माझ्या अटी आहेत. कोणत्याही माणसाचं नाव आणि रेजिमेंटचा नंबर छापायचा नाही. मी हात वर केला की मशीन बंद करायचं. आणि छापायच्या आधी सगळं मला मोठ्यानं वाचून दाखवायचं, जे मी काढ म्हणेन ते काढायचं. आम्ही हे वहीत लिहून खाली तिघांच्या सह्या केल्या. घरातल्या घरात सह्या कशाला, असं कुणाला वाटेल. पण त्या कागदामुळेच नाना मोकळे झाले असं मला वाटतं. तुम्हीही असा कागद आधीच करा. नंतर भावंडांमध्ये मतभेद झाले तर बोट ठेवायला तो असतो.

रेकॉर्डिंग जानेवारीत सुरू झालं. फोन होताच, शर्टाला लावायचा माइक साधारण बाराशे रुपयांना घेतला. कानानं कमी ऐकणारा माणूस मोठ्यानं बोलतो आणि फोनवर आवाज फाटतो, म्हणून तो माइक लागतोच. वेळ सकाळी साडेनऊची ठेवली, नाश्ता आणि बीपीची गोळी झाल्यावर. संध्याकाळी दोनदा बसलो, तेव्हा ते रात्री झोपले नाहीत, म्हणून संध्याकाळ बंद केली. एका वेळी पाऊण तास पुरतो. पंखा बंद, कुकर आधी लावून घ्यायचा. प्रत्येक फाइलला त्याच दिवशी तारीख आणि विषय असं नाव द्यायचं आणि दोन ठिकाणी कॉपी ठेवायची.

पहिले काही दिवस हाती फारसं काही लागलं नाही. "तेव्हा काय वाटलं?" असं विचारलं की "काय वाटायचं, ड्यूटी होती," एवढंच उत्तर. मग एकदा मी विचारलं, "नाना, तुम्ही हातानं नेमकं काय काम करायचात?" आणि ते खुर्चीतून उठले. हॉलमधला स्टूल आडवा केला, ती तोफेची ब्रीच, म्हणजे गोळा भरायचं मागचं तोंड. स्वयंपाकघरातून वरवंटा मागवला, तो गोळा. पंचवीस पाउंडरवर सहा जण असतात. एक नंबर तोफेचा कमांडर, दोन नंबर ब्रीच उघडतो आणि गोळा आत ठासतो, तीन नंबर नेम धरतो, चार नंबर गोळा भरतो, पाच आणि सहा दारूगोळा तयार करून देतात. नाना चार नंबर. गोळा सव्वाअकरा किलोंचा. काडतुसात लाल, पांढरी आणि निळी अशा दारूच्या तीन पिशव्या असत. पूर्ण चार्ज म्हणजे तिन्ही. 'चार्ज टू'चा हुकूम आला की निळी काढून टाकायची. नानांनी हवेतच पिशवी चिमटीत धरून बाहेर काढली आणि बाजूला टाकली. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाचा हात इतक्या सफाईनं फिरताना मी पहिल्यांदाच बघत होते. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आई मला म्हणाल्या, "लग्नाला पन्नास वर्षं झाली, हे मी आज पाहतेय."

त्या दिवसापासून ते बोलू लागले. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की आधी कामाबद्दल विचारा. काय खाल्लं, कुठे झोपलात, बुटात पाणी गेलं तर काय करायचात, हे विचारा. बाकीचं त्याच्या मागून येतं.

नानांचं युद्ध ३ डिसेंबरच्या आधीच सुरू झालं होतं. इतिहासात ३ डिसेंबर १९७१ ही तारीख आहे, त्या संध्याकाळी पाकिस्ताननं आपल्या पश्चिमेकडच्या हवाई तळांवर हल्ले केले. पण पूर्व पाकिस्तानच्या (आजच्या बांगलादेशाच्या) सीमेवरच्या बोयरा-गरीबपूर भागात २०-२१ नोव्हेंबरलाच लढाई पेटली होती आणि २२ नोव्हेंबरला बोयराच्या आकाशात आपल्या नॅट विमानांनी पाकिस्तानी सेबर विमानं पाडली. नानांनी दोन हवाई छत्र्या उतरताना बघितल्या. तोफा सोडून सगळी पोरं ओरडत उभी राहिली आणि हवालदारसाहेबांनी शिव्या घालून सगळ्यांना परत जाळीखाली ढकललं. दोन पाकिस्तानी वैमानिक त्या दिवशी आपल्या हद्दीत पकडले गेले, हे नोंदलेलं आहे. तारखा ताडायचं काम मी रात्री, ते झोपल्यावर करत असे. त्यांच्यासमोर कधीच नाही. बोलण्याच्या मधे "नाना, ते बावीस तारखेला होतं" म्हटलं, की सांगणारा माणूस परीक्षेला बसल्यागत होतो आणि पुढचं सगळं जपून बोलतो.

त्या दिवसांतलं सगळ्यात ठळक काय, असं विचारलं तर नाना तोफेचं नाव घेत नाहीत, रस्त्याचं घेतात. बनगावकडून येणारा जेसोर रोड, दोन्ही बाजूंना जुनी प्रचंड झाडं आणि झाडांखाली निर्वासित. त्या वर्षी सुमारे एक कोटी माणसं पूर्व पाकिस्तानातून भारतात आली होती. नाना म्हणतात, "आमची गाडी तोफ ओढत पुढे चाललेली आणि माणसं समोरून येतायत. डोक्यावर पातेली. एका बाईच्या हातात नुसती खिडकीची चौकट होती. लाकडाची. एवढं चालत ती चौकट का आणली असेल, सांग." मी काहीच बोलले नाही. ही चौकट नंतरही त्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा आली.

७ डिसेंबरला जेसोर पडलं. मोठी लढाई होणार म्हणून तयारी केलेली, आणि आत गेले तर छावणी रिकामी. दारूगोळा, शिधा, सगळं तसंच टाकून पाकिस्तानी ब्रिगेड खुलन्याकडे मागे सरकली होती. नानांना वाटलं, संपलं. पण खुलन्याच्या अलीकडे शिरोमणीला ती ब्रिगेड पाय रोवून उभी राहिली. एका अंगाला भैरब नदी, दुसऱ्या अंगाला दलदल, मधे एकच रस्ता. तिथे दिवसरात्र तोफा चालल्या.

इथे त्यांच्या साहेबांबद्दल लिहायला हवं. तोफेवरच्या माणसाला शत्रू दिसत नाही. पुढे पायदळाबरोबर ओपी ऑफिसर, म्हणजे निरीक्षण चौकीवरचा अधिकारी असतो, तो बघतो आणि वायरलेसवरून सांगतो, त्याप्रमाणे मागे आकडे बदलतात. नानांच्या बॅटरीचे, म्हणजे तोफांच्या तुकडीचे, ओपी ऑफिसर एक तरुण सेकंड लेफ्टनंट होते. वय तेवीसच्या आसपास, नानांपेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठे. लंगरमध्ये जवानांच्या रांगेत उभे राहून जेवायचे आणि मराठी शिकायचा प्रयत्न करायचे. शिरोमणीला एका सकाळी हुकूम यायचे थांबले. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा सुरू झाले आणि सिग्नलवाल्यानं हळूच सांगितलं, "ओपीवर आता दुसरे साहेब आहेत." बस्, एवढंच. पुढचा गोळा भरायचाच होता. "मी भरला," नाना म्हणाले आणि हात वर केला. आम्ही मशीन बंद केलं.

त्यांचे बॅटरी कमांडर मेजर कडक होते. तोफेच्या आजूबाजूला रिकामी काडतुसं पडलेली दिसली तर लढाईतसुद्धा ओरडायचे. जवान त्यांना घाबरायचे. पण नाना त्यांच्याबद्दल बोलताना नेहमी 'माझे साहेब' म्हणतात. त्याचं कारण त्यांनी सगळ्यात शेवटी, मार्चमध्ये सांगितलं.

१६ डिसेंबरला ढाक्याला जनरल नियाझींनी जनरल अरोरांसमोर शरणागतीवर सही केली. आपण दरवर्षी विजय दिवस त्याच दिवशी साजरा करतो. शिरोमणीला मात्र तोफा थांबल्या नव्हत्या. खुलन्याची फौज १७ तारखेला शरण आली. शस्त्रं खाली ठेवायला आलेल्या पाकिस्तान्यांत एक तोपची होता. त्यानं नानांच्या तोफेकडे बघून हिंदीत विचारलं, "पच्चीस पाउंडर?" त्याची तोफही तीच होती. दोघांना एकाच इंग्रजी पुस्तकातून ड्रिल शिकवलेलं. नानांनी त्याला विडी दिली.

मग पुढच्या एक-दोन दिवसांत बॅटरी रस्त्यानं पुढे गेली, तेव्हा नानांनी पहिल्यांदा गोळे पडतात ती जागा पाहिली. एक खेडं. पत्र्याच्या छपरांना भोकं, तळ्यात एक गाय मरून फुगलेली. ओसरीवर एक म्हातारा बसला होता. त्यानं फौजी बघून आतून पितळी लोटा आणला आणि सगळ्यांना पाणी दिलं. जवान 'जय बांगला' ओरडत होते, म्हातारा काही बोलत नव्हता. आत कुणीतरी कण्हत होतं. नाना मेजरसाहेबांजवळ गेले आणि विचारलं, "साब, ये हमारा था?" बावीस वर्षांचाही नसलेला जवान मेजरला असा प्रश्न विचारतो, हे तेव्हा शिस्तीत बसणारं नव्हतं. साहेबांनी त्यांना दटावलं नाही. "पता नहीं. हो सकता है," असं म्हणाले. मग डॉक्टरला बोलावून आत पाठवलं, लंगरच्या गाडीतून तांदळाचं पोतं उतरवायला लावलं आणि स्वतः त्या म्हाताऱ्याशेजारी ओसरीवर जाऊन बसले. "दुसऱ्या कुणी साहेबानं सांगितलं असतं, की नाही, तो त्यांचा गोळा होता," नाना म्हणाले, "आणि मी ते मानलं असतं. माझे साहेब खोटं बोलले नाहीत."

यानंतर आम्ही तीन आठवडे काहीही रेकॉर्ड केलं नाही. नानांची झोप बिघडली होती. आमच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी औषध बदललं नाही, पण रोज सकाळी नानांबरोबर कुणीतरी चालायला जायचं, असं बजावलं. ज्यांच्या घरी हे करायचं आहे त्यांनी डॉक्टरांना आधीच कल्पना द्यावी. या वयात जुनं उकरताना शरीरावरही ताण येतो.

या सुटीत मी कागदपत्रांच्या मागे लागले. नानांचं डिस्चार्ज बुक (निवृत्तीच्या वेळी मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक) ट्रंकेत होतं, पण ओलीनं काही पानं चिकटलेली. जी वाचता येत होती त्यांवर पूर्वी स्टार, संग्राम मेडल आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल यांची नोंद होती. युनिटच्या तारखांचं पान गेलेलं. सेवेचा तपशील हवा असेल तर जवानांसाठी त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायचा असतो. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिकरोडलाच आहे, हे आमचं भाग्य. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांना बेळगावला लिहावं लागतं. अर्ज सैनिकानं स्वतःच्या सहीनं करायचा, मुला-सुनेच्या नावानं नाही. त्यात आर्मी नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, भरती आणि निवृत्तीची तारीख, आणि नेमकं काय हवंय ते एका वाक्यात. सोबत डिस्चार्ज बुकची वाचता येणारी पानं, पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर), माजी सैनिक ओळखपत्र आणि आधार यांच्या प्रती. अर्जाचा मसुदा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवला, तिथल्या बाबूंनी दोन दुरुस्त्या सुचवल्या आणि पैसे काही लागले नाहीत. एप्रिलच्या सुरुवातीला स्पीड पोस्टनं पाठवला, पोचपावती जपून ठेवली. उत्तर जूनच्या मध्यावर आलं. युनिट आणि तारखा त्यात होत्या. नाना सांगत होते त्याच्याशी त्या जुळल्या.

युनिटच्या वॉर डायऱ्या, म्हणजे युद्धातल्या रोजच्या नोंदी, मिळतील का, हेही बघितलं. युद्धाच्या नोंदी संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे जातात आणि साधारण पंचवीस वर्षांनी त्या खुल्या कराव्यात, असं धोरण २०२१मध्ये मंजूर झालेलं आहे. पण त्यासाठी दिल्लीला जाऊन बसणं आम्हाला जमणारं नव्हतं आणि नानांनाही त्याची गरज वाटली नाही.

पावसाळाभर मी टाइप केलं. फोनवरचं आवाज-टायपिंग माझ्या आवाजाला चालतं, नानांच्या आवाजाला नाही. त्यांच्या बोलण्यात निम्मी फौजी हिंदी. शेवटी मी कानाला हेडफोन लावून त्यांची वाक्यं माझ्या तोंडानं बोलत गेले. वेळ फार जातो, पण त्यानं एक झालं. त्यांची वाक्यरचना मला पाठ झाली आणि सुधारायचा मोह उरला नाही. 'साब'चं 'साहेब' मी एकदाही केलं नाही. नकाशाचं एक मोठं प्रिंट झेरॉक्सवाल्याकडून काढून घेतलं, दीडशे रुपयांना, आणि नानांनी त्यावर लाल पेनानं बनगाव ते खुलना रेघ मारली. ती पुस्तकात पहिल्या पानावर आहे.

ऑक्टोबरमध्ये वाचून दाखवलं. रोज थोडं, जवळ बसून, मोठ्यानं. आईही बसायच्या. नानांनी बरंच काढायला लावलं. कुणाची घरगुती भांडणं, एका जवानाची घाबरगुंडी, एका अधिकाऱ्याबद्दलचा राग. "त्याची नातवंडं वाचतील," म्हणाले. मला वाटलं होतं, म्हाताऱ्याचं खेडं ते नक्की काढतील. तिथे आले तेव्हा थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे ठेव. बाकी काही नसलं तरी चालेल." नवऱ्याला ते नको होतं. वडिलांना लोक काय म्हणतील, अशी त्याला भीती होती. दोन दिवस घरात ताण होता. शेवटी सह्यांचा कागद काढला आणि त्यात जे ठरलं होतं तेच झालं.

अक्षरजुळणी आणि मांडणीला साडेचार हजार लागले, साठ प्रती डिजिटल छपाईनं काढल्या, शंभर पानांच्या आसपास, प्रत्येकी सव्वाशेला. विकायचं नसेल तर आयएसबीएनच्या (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाच्या) मागे लागू नका. विकायचं असेल तर तो सरकारी संस्थेकडून मोफत मिळतो, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. फोटो स्कॅन करताना निदान सहाशे डीपीआयवर करा, आणि मेडल छातीवर असलेला फोटो फाडून फ्रेममधून काढू नका, काचेसकट न्या.

प्रकाशन वगैरे काही केलं नाही. १६ तारखेला घरी आप्तांना बोलवू, असं आम्ही म्हणत होतो. नाना म्हणाले, सतराला बोलवा. म्हणून १७ डिसेंबर २०२४ला संध्याकाळी घरीच जमलो, भगूरच्या सोबत्याच्या घरची माणसंही आली आणि पहिली प्रत नानांनी त्या सोबत्याच्या मुलाच्या हातात दिली. त्या मुलाला आपले वडील कोणत्या तोफेवर, कितवा नंबर होते, हे माहीत नव्हतं. तीन नंबर होते. नेम तेच धरायचे. नानांनी परत तो स्टूल आडवा केला आणि वडील कुठे बसायचे ते त्याला दाखवलं.

आता जेल रोडवरच्याच आणखी एका आजोबांनी बोलायची तयारी दाखवली आहे. ते १९६५चे आहेत, वय ऐंशीच्या पुढे आहे, म्हणून पुस्तकाचा विचार बाजूला ठेवून आधी नुसतं रेकॉर्डिंग करायचं ठरवलं आहे. माइक आमच्याकडे आहे. नाशिकरोड परिसरात कुणाला वापरायला हवा असेल तर सांगा.